बॅ. मुकुंदराव जयकर : सगळीकडे होते, पण टिकले कुठे?

नेमस्त_नाही (धागाकर्ता)

पुणे विद्यापीठात शिकलेल्या माणसानं 'जयकरला बसलोय' (म्हणजे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात) हे वाक्य शेकडो वेळा उच्चारलेलं असतं. जयकर कोण, असं विचारलं की मात्र 'पहिले कुलगुरू' यापुढे फारसं कुणाला सांगता येत नाही. सध्या १९२० ते १९४० या काळातलं राजकारण वाचतोय आणि पानोपानी हे गृहस्थ भेटतायत, म्हणून हा धागा.

थोडक्यात कुंडली अशी. जन्म १३ नोव्हेंबर १८७३, मुंबई, पाठारे प्रभू घराणं. १९०५ साली बॅरिस्टर होऊन मुंबई हायकोर्टात. जालियनवाला बागेनंतर काँग्रेसनं स्वतःची चौकशी समिती नेमली, तिच्यात गांधी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजी यांच्या जोडीला जयकर. १९२३ ला मुंबई कायदेमंडळात स्वराज्य पक्षाचे नेते. १९२६ ला दिल्लीच्या मध्यवर्ती असेंब्लीत. मग गोलमेज परिषदा. १९३७ ला नव्या फेडरल कोर्टात न्यायाधीश. १९३९ ला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टात. १९४६ ला घटना समितीत. शेवटी पुणे विद्यापीठ. १० मार्च १९५९ ला निधन.

आता माझं मत. यादी डोळे दिपवणारी आहे, पण मुक्काम कुठेच नाही. मुंबई कायदेमंडळ तीनेक वर्षांत सोडलं, पक्ष सोडला, फेडरल कोर्टात सव्वा वर्षाच्या आसपास, घटना समितीत तर काही महिनेच. त्याच पिढीतले बाकीचे वकील एकेका गोष्टीला चिकटून राहिले आणि इतिहासात बसले. जयकर सगळ्या फोटोंत आहेत, पण मधल्या खुर्चीत एकदाही नाहीत. वकील, आमदार, न्यायाधीश या तिन्ही भूमिकांत त्यांचं नेमकं काम काय, हे जाणकारांनी सांगावं.

---

गिरगाव_चर्नीरोड

पहिला प्रतिसाद माझा! वाचून सविस्तर लिहितो.

---

सुमेधा_क

यादीत एक राहिलं. बॅरिस्टर व्हायच्या आधी ते मास्तर होते. गिरगावातल्या आर्यन एज्युकेशन सोसायटीच्या शाळेच्या सुरुवातीच्या मंडळींत ते होते आणि काही वर्षं त्यांनी तिथे शिकवलंही. म्हणजे सुरुवात शाळेत आणि शेवट विद्यापीठात. मधलं सगळं मधली सुट्टी समजा. :)

---

खवय्या_नं_१

पाठारे प्रभू म्हटलं की मला फक्त कोबी-कोळंबीचं भानोलं आठवतं. धाग्याचा विषय काय होता म्हणे?

---

गिरगाव_चर्नीरोड

@खवय्या, भानोल्याला वेगळा धागा काढा, मी पाककृती देतो. आईची आहे, संबार मसाल्यासकट.

---

अपील_शाखा

मी वकिली करतो म्हणून वकिलापासून सुरुवात करतो.

त्या काळचं मुंबई हायकोर्ट म्हणजे दोन वेगळी राज्यं. ओरिजिनल साईडला बॅरिस्टर मंडळी, आणि त्यांच्यापर्यंत पक्षकार थेट पोहोचूच शकत नसे. मध्ये सॉलिसिटर हवाच. तो ब्रीफ बांधून आणणार, फी ठरवणार, बॅरिस्टर उभा राहून बोलणार. अपील साईडला आपले मुफस्सलमधून (मुंबईबाहेरच्या जिल्ह्यांतून) आलेले दिवाणी दावे, जमिनी, वाटण्या, दत्तकं. जयकर बसले ओरिजिनल साईडला, पण घरात वारसा दुसऱ्या बाजूचा. त्यांचे आजोबा वासुदेव जगन्नाथ कीर्तिकर हे हायकोर्टात सरकारी वकील होते आणि वेदान्ताचे गाढे अभ्यासक. आजोबांचे वेदान्तावरचे लेख जयकरांनी पुढे १९२४ मध्ये स्वतः संपादन करून छापले.

हे सांगायचं कारण, हिंदू कायदा त्यांच्या घरात मुरलेला होता, आणि 'नेमकं काम काय' या प्रश्नाचं माझं उत्तर तिथेच आहे: १९३० चा हिंदू गेन्स ऑफ लर्निंग ॲक्ट. असेंब्लीत ते विधेयक जयकरांनी आणलं होतं.

भानगड अशी होती. एकत्र कुटुंबातल्या मुलाला घरच्या पैशानं शिकवलं आणि तो कमवायला लागला, तर ती कमाई कुणाची? जुन्या शास्त्राप्रमाणे घरच्या खर्चानं मिळवलेल्या विद्येचं फळ कुटुंबाचं. साधं लिहिणं-वाचणं शिकवलं तर सोडून देत, पण 'विशेष शिक्षण' दिलं असेल तर संपलं. मग कोर्टात वाद काय, तर मुलाचं शिक्षण साधं की विशेष! १९२१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं एका खटल्यात कळस केला. मुलगा घरच्या पैशानं विलायतेत शिकून आयसीएस झाला होता. त्याची कमाई एकत्र कुटुंबाची ठरली, म्हणजे सावकाराला कुटुंबाच्या कर्जापोटी त्याच्या पगाराच्या पैशावरही हात टाकता येणार.

जयकरांच्या कायद्यानं हे एका फटक्यात मिटवलं. शिक्षणाला पैसा कुणीही दिलेला असो, विद्येच्या बळावर मिळवलेलं ते ज्याचं त्याचं. आणि आधीच्या कमाईलाही लागू. मद्रासमध्ये भाष्यम अय्यंगारांनी तीसेक वर्षं आधी असाच प्रयत्न केला होता, तेव्हा कायदेमंडळानं पास करूनही गव्हर्नरनं संमती दिली नव्हती.

आता गंमत बघा. ज्या प्रिव्ही कौन्सिलचा निकाल जयकरांनी आमदार म्हणून निकामी केला, त्याच प्रिव्ही कौन्सिलात नऊ वर्षांनी ते स्वतः न्यायाधीश म्हणून जाऊन बसले.

---

रानजाई

वाखुसा (वाचनखूण साठवली). शेवटचा परिच्छेद वाचून मजा आली.

---

बाव_नदीकाठचा

अपील_शाखा, या कायद्याचं नाव आज कळलं, पण त्याचा वाद आमच्या घरात पाहिलाय. आजोबांच्या थोरल्या भावानं घराच्या नावावर कर्ज काढून धाकट्याला मुंबईला शिकवलं. धाकटा इंजिनीअर झाला, दादरला ब्लॉक घेतला. वाटणीची बोलणी निघाली तेव्हा थोरल्याच्या मुलांचं म्हणणं एकच, 'ब्लॉक आमच्या आंब्यांवर उभा आहे.' गावातल्या वकिलांनी सांगितलं की असं काही होत नसतं, शिकला तो आणि कमावलं त्यानं. आंब्याची कलमं मात्र सगळ्यांत सारखी वाटली गेली! थोरल्याच्या घरात पुढची पंधरा वर्षं धाकट्याचं नाव निघत नव्हतं.

त्यामुळे तुमच्या जयकरांनी केलं ते न्यायाचं असेलही, पण ज्यानं बैल विकून भावाला शिकवलं त्याला काय मिळालं, हेही कुणी लिहा.

---

अपील_शाखा

@बाव_नदीकाठचा, बरोबर जागी बोट ठेवलंत. तेव्हाही विरोध करणाऱ्यांचं म्हणणं साधारण हेच होतं, की अशानं एकत्र कुटुंब मोडेल. नोकरदारवर्ग एका बाजूला आणि शेतीवाडी सांभाळणारे दुसऱ्या बाजूला. जयकर कोणत्या वर्गाचे हे उघड आहे.

---

तर्कट

एक खासगी विधेयक पास झालं म्हणून इतकं कौतुक? त्याच सभागृहात हरबिलास सारडांनी १९२९ मध्ये बालविवाहाचा कायदा करून घेतला. त्याचं नाव सातवी पास माणसालाही ठाऊक आहे. 'गेन्स ऑफ लर्निंग' वकिलांनाही परीक्षेपुरता आठवतो. धागाकर्त्याशी सहमत. हुशार बॅरिस्टर, पण लोकांत मुळं नाहीत.

---

वऱ्हाडी_ठेचा

राजेहो, पक्ष 'सोडला' असं सरळसोट लिहून मोकळे नका होऊ. त्याचं मूळ आमच्याकडं आहे.

१९२५ च्या ऑक्टोबरात मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळाचे अध्यक्ष श्रीपाद बळवंत तांबे, आमच्या अमरावतीचे वकील, स्वराज्य पक्षाचे. त्यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात जागा स्वीकारली. पक्षाचं धोरण काय, तर आत जायचं आणि अडवायचं, सत्तेची जागा घ्यायची नाही. मोतीलाल नेहरू भडकले. सडका अवयव कापून टाकावा लागेल, अशा धर्तीची भाषा झाली. इकडं न. चिं. केळकर, जयकर आणि आमचे डॉ. मुंजे म्हणाले की टिळकांनी सांगितली ती प्रतियोगी सहकारिता, सरकार जितकं देईल तितकं सहकार्य. जिथं जागा मिळते तिथं बसा आणि काम करा. केळकर-जयकरांनी राजीनामे दिले आणि वेगळा पक्ष उभा राहिला.

मग १९३७ मध्ये काँग्रेसनं काय केलं? मंत्रिमंडळंच बनवली ना भौ! तांब्यांनी एक खुर्ची घेतली तर सडका अवयव, अन् बारा वर्षांनी सगळ्यांनी मिळून सगळ्या खुर्च्या घेतल्या तर राजकारण.

---

तर्कट

@वऱ्हाडी_ठेचा, १९३७ ला निवडून येऊन बहुमतानं सरकार बनवणं आणि १९२५ ला गव्हर्नरनं बोलावलं म्हणून जाऊन बसणं यात फरक आहे. तो तुम्हाला दिसत नाही की दिसून घ्यायचा नाही?

---

वऱ्हाडी_ठेचा

दिसतो. पण १९३७ लाही गव्हर्नर होताच की वर बसलेला.

---

कडुनिंब

सगळे गोड गोड बोलताहेत म्हणून थोडं कडू. डिसेंबर १९२८, कलकत्त्याची सर्वपक्षीय परिषद. नेहरू अहवालावर, म्हणजे मोतीलाल नेहरूंच्या समितीनं केलेल्या राज्यघटनेच्या आराखड्यावर चर्चा. जिनांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मुसलमानांना एकतृतीयांश जागा आणि आणखी काही दुरुस्त्या मागितल्या. नेमस्त पुढारी आणि वकील सर तेजबहादूर सप्रू म्हणाले, लाडावलेलं मूल समजा हवं तर, पण मागतोय ते देऊन टाका आणि विषय संपवा. उठून विरोध कुणी केला? जयकरांनी. जिनांच्या मागे फारसा मुस्लिम समाज नाही, आणि हे दिलं तर बाकीचे लोक तडजोडीतून अंग काढून घेतील, असा त्यांचा युक्तिवाद. मतं जयकरांच्या बाजूनं गेली. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मध्यस्थ म्हणून ज्यांचं नाव, त्यांनी आयुष्यातली सगळ्यात मोठी मध्यस्थीची संधी अशी घालवली.

---

भगव्या_सायंकाळी

आला, मुद्दा आलाच. १९२८ च्या एका भाषणानं फाळणी झाली? अभ्यास वाढवा.

---

कडुनिंब

फाळणी झाली असं मी म्हटलेलंच नाही. परत वाचा.

---

खवय्या_नं_१

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

सुमेधा_क

कडुनिंब, तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण त्या दिवशी जयकर मध्यस्थ म्हणून उभेच नव्हते. ते एका पक्षाचे वकील होते. हिंदू महासभेची बाजू त्यांनी तिथे मांडली, आणि उत्तम वकिलासारखी मांडली. समोरच्याच्या मुखत्यारपत्राबद्दल शंका घ्यायची, हा कोर्टातला जुना डाव: तुम्ही ज्यांच्या वतीनं बोलता ते तुमच्या मागे आहेत का? खटला जिंकायला हे चालतं. तडजोड करायला बसलात तर चालत नाही.

---

संपादक मंडळ

विषय जयकरांची कारकीर्द हा आहे. १९४७ चे निकाल इथे लावू नयेत. दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

---

एक्कावन्न_किमी

मी रस्ते बांधणीत आहे, म्हणून माझा जयकर वेगळाच. आमच्या धंद्यात 'जयकर कमिटी' हे नाव पहिल्याच तासाला कानावर पडतं. १९२७ मध्ये सरकारनं रस्त्यांसाठी समिती नेमली, अध्यक्ष जयकर. त्यांचं म्हणणं, मोटारी वाढल्या, रस्त्यांचा भार आता जिल्हा बोर्डांना पेलवत नाही, मध्यवर्ती सरकारनं यात उतरावं आणि त्यासाठी पेट्रोलवर जादा कर लावून तो पैसा फक्त रस्त्यांना द्यावा. १९२९ मध्ये पेट्रोलवरची ड्युटी गॅलनला चार आण्यांवरून सहा आणे झाली आणि त्या दोन आण्यांतून सेंट्रल रोड फंड सुरू झाला. १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली, तीही याच समितीच्या शिफारशींच्या ओघात. आज ज्या मापानं तुमच्या सोसायटीसमोरचा स्पीडब्रेकर बांधायला हवा (आणि बांधला जात नाही), ते माप याच संस्थेचं.

एक बॅरिस्टर, ज्यानं आयुष्यात डांबराच्या पिंपाला हात लावला नसेल, त्याचं नाव शंभर वर्षांनी आमच्या पाठ्यपुस्तकात आहे. आणि धागाकर्ते विचारतायत टिकलं काय!

---

रानजाई

म्हणजे पेट्रोलवरचा सेस ही जयकरांची देणगी? उद्या पंपावर त्यांचं नाव घेऊन शिव्या घालते.

---

अपील_शाखा

@रानजाई, थांबा, शिव्या पुरवून वापरा. पेट्रोल अजून संपलेलं नाही.

१९३५ च्या कायद्यानं केंद्र आणि प्रांतांत अधिकार वाटून दिले. वाटणी आली की तंटा आला, म्हणून फेडरल कोर्ट. १ ऑक्टोबर १९३७ ला सुरू झालं. न्यायाधीश फक्त तीन: सर मॉरिस ग्वायर सरन्यायाधीश, अलाहाबादचे सर शाह सुलेमान आणि आपले जयकर. कोर्टाला स्वतःची इमारत नव्हती. दिल्लीच्या जुन्या संसद भवनात संस्थानिकांच्या नरेंद्र मंडळासाठी बांधलेलं दालन होतं, तिथे कोर्ट भरायचं. पुढे १९५० मध्ये सुप्रीम कोर्टही त्याच दालनात सुरू झालं.

या कोर्टासमोर आलेलं पहिलं मोठं प्रकरण मध्यप्रांत-वऱ्हाडचं. नागपूरच्या काँग्रेस सरकारनं १९३८ मध्ये कायदा केला: पेट्रोल आणि वंगणतेलाच्या किरकोळ विक्रीवर किमतीच्या पाच टक्के कर. दिल्ली सरकारनं हरकत घेतली. पेट्रोल देशात तयार होतं, त्यावरचा उत्पादनकर म्हणजे एक्साईज आमचा, तुम्ही विक्रीच्या नावाखाली तोच वसूल करताय. गव्हर्नर जनरलनं कोर्टाचा सल्ला मागितला. तिन्ही न्यायाधीशांनी स्वतंत्र मतं लिहिली आणि तिघांचंही उत्तर एकच: उत्पादनाच्या टप्प्यावरचा कर केंद्राचा, पंपावर गिऱ्हाईकाला विकतानाचा कर प्रांताचा. दोन्ही कलमं अशी वाचायची की एकानं दुसऱ्याला गिळू नये. डिसेंबर १९३८.

आजही पेट्रोलवर केंद्राची एक्साईज वेगळी आणि राज्याचा व्हॅट वेगळा, जीएसटीच्या बाहेर. त्या विभागणीची पहिली कोर्टमान्य रेघ तिथे ओढली गेली. एक दशक आधी ज्या माणसानं पेट्रोलवर केंद्राचा कर वाढवायला सांगितलं, त्यानंच न्यायासनावर बसून प्रांताचा करही वैध ठरवला.

---

रानजाई

म्हणजे दोन्हीकडून तेच! आता पंपावर दोनदा नाव घेते.

---

तर्कट

हाच तर माझा आक्षेप आहे. काल आमदार, आज न्यायाधीश. ज्या विषयावर समितीचे अध्यक्ष होतात त्याच विषयावर निकाल देता? आज कुणी असं केलं तर आपण सगळे त्याच्यावर तुटून पडू.

---

जोगळेकर_वाडा

तर्कटराव, मुंबईत ती पद्धतच होती. काशिनाथ त्र्यंबक तेलंग मुंबई कायदेमंडळात होते, मग १८८९ ला हायकोर्टात गेले. बद्रुद्दीन तय्यबजी १८८७ चे काँग्रेस अध्यक्ष, १८९५ ला न्यायाधीश. नारायणराव चंदावरकर १९०० चे काँग्रेस अध्यक्ष, लगेच पुढच्या वर्षी हायकोर्टात. रानड्यांचं तर विचारूच नका, ते न्यायाधीशाच्या खुर्चीवर असतानाच अर्धं सार्वजनिक आयुष्य चालवत होते.

स्वातंत्र्यानंतरही उदाहरणं आहेत, दोन्ही टोकांची. कृष्ण अय्यर केरळात कम्युनिस्टांच्या पाठिंब्यानं आमदार आणि मंत्री, नंतर सुप्रीम कोर्टात, आणि तुरुंगातल्या कैद्यांच्या हक्कांवरचे त्यांचे निकाल आजही वाचले जातात. दुसरीकडे बहरुल इस्लाम. राज्यसभेतून हायकोर्ट, तिथून सुप्रीम कोर्ट आणि १९८३ ला राजीनामा देऊन पुन्हा राज्यसभा. आधी काय होता यापेक्षा नंतर कुठे जायची घाई आहे, ते मी बघतो. जयकर नंतर गेले ते वरच्या कोर्टात.

---

तर्कट

वरच्या कोर्टात जाणं ही घाई नव्हे? नव्या कोर्टाचे पहिले तीन न्यायाधीश, पायाच घालायचा होता, आणि हे जानेवारी १९३९ मध्ये लंडनला रवाना. सुप्रीम कोर्टाच्या पूर्वजाला सव्वा वर्षात रामराम.

---

खवय्या_नं_१

पगार किती होता हो तेव्हा?

---

अपील_शाखा

फेडरल कोर्टात सरन्यायाधीशांना महिना सात हजार, बाकीच्यांना साडेपाच हजार. १९५० ला सुप्रीम कोर्ट आलं तेव्हा तेच आकडे पाच आणि चार हजार झाले. म्हणजे न्यायाधीशांच्या बाबतीत स्वातंत्र्यानं पगारकपात केली.

---

थेम्सकाठी

लंडनहून. प्रिव्ही कौन्सिलची न्यायसमिती तेव्हा डाऊनिंग स्ट्रीटवर बसायची, पंतप्रधानांच्या घराच्या गल्लीतच. हा प्रकार कोर्टासारखा नसतो. न्यायाधीश झगे आणि विग न घालता साध्या सूटमध्ये टेबलाभोवती बसतात, उलट वकील मात्र पूर्ण पोशाखात उभे. निकालही 'आम्ही राजेसाहेबांना असा सल्ला देतो' या भाषेत. सय्यद अमीर अली, दिनशा मुल्ला, शादीलाल यांच्यानंतर जयकर. आता ती समिती पार्लमेंट चौकातल्या मिडलसेक्स गिल्डहॉलमध्ये भरते. आत जाऊन बसता येतं, फुकट. पुण्याहून पाहुणे आले की मी लंडन आयच्या रांगेऐवजी तिथे नेतो. पाहुणे पुन्हा येत नाहीत.

---

निळी_शाई

सगळं वाचलं. दोन गोष्टी कुणीच लिहिल्या नाहीत याचं आश्चर्य वाटतं, कारण आमच्याकडे जयकर त्यांच्यासाठीच माहीत आहेत.

एक, पुणे करार. २४ सप्टेंबर १९३२, येरवडा. सह्या करणाऱ्यांत सप्रू आणि जयकर दोघंही आहेत. तो करार झाला ते बरं की वाईट यावर मी इथे बोलत नाही, तो वाद वेगळा आणि मोठा आहे. पण गांधींचं उपोषण सुरू असताना जागांचे आकडे, प्राथमिक निवडणुकीची पद्धत हे सगळं कलमांत बसवायला कुणीतरी डोकं थंड असलेला लागतो.

दोन, घटना समिती. १३ डिसेंबर १९४६ ला नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. मुस्लिम लीग गैरहजर, संस्थानांचे प्रतिनिधी अजून आलेलेच नाहीत. जयकरांनी दुरुस्ती सुचवली की ते येईपर्यंत ठराव पुढे ढकला. ते काँग्रेसच्याच मतांवर निवडून आलेले, आणि सभागृहात काँग्रेसचं प्रचंड बहुमत. विचार करा, काय वातावरण झालं असेल. १७ तारखेला अध्यक्षांनी अचानक बाबासाहेबांना बोलायला बोलावलं. बाबासाहेबांनी जयकरांच्या दुरुस्तीची बाजू घेतली. अधिकार असणं वेगळं आणि शहाणपण असणं वेगळं, हा त्यांचा मुद्दा. सभागृहानं तेव्हा त्यांना पहिल्यांदा नीट ऐकलं असं म्हणतात. ठराव शेवटी मंजूर झाला तो २२ जानेवारी १९४७ ला, म्हणजे थांबले तर खरेच.

आणि यापुढचं बघा. जयकरांनी घटना समितीचा राजीनामा दिला. फाळणीमुळे बाबासाहेबांची बंगालमधली जागा गेली. मुंबईतून त्यांना निवडून पाठवा म्हणून राजेंद्रप्रसादांनी मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांना ३० जून १९४७ ला पत्र लिहिलं. रिकामी जागा कोणती होती? जयकरांची.

जयकर टिकले नाहीत म्हणून तुम्ही हळहळताय. ते त्या खुर्चीत टिकले असते तर ती जागा रिकामी नसती, एवढंच सांगते.

---

रानजाई

+१००. निळी_शाई, या प्रतिसादाचा स्वतंत्र लेख करा.

---

भगव्या_सायंकाळी

खरंच माहीत नव्हतं. धन्यवाद.

---

कडुनिंब

निळी_शाईंच्या प्रतिसादामुळे एक गोष्ट जाणवली. १९२८ ला जिनांसाठी न थांबणारे जयकर १९४६ ला लीगसाठी थांबा म्हणाले. अठरा वर्षं मध्ये गेली.

---

खडकी_स्टेशन

मध्यस्थीचा विषय निघालाय तर १९३० राहायला नको. मीठ सत्याग्रह जोरात, गांधी येरवड्यात, मोतीलाल आणि जवाहरलाल अलाहाबादजवळच्या नैनी तुरुंगात. सप्रू-जयकर व्हॉइसरॉयशी पत्रव्यवहार करून जुलैत येरवड्याला गांधींकडे, तिथून चिठ्ठी घेऊन नैनीला. नेहरू म्हणाले, गांधींशी बोलल्याशिवाय काही सांगणार नाही. मग सरकारनं काय करावं? कैद्यांना खास गाडीनं नैनीहून पुण्याला आणलं! १३ ते १५ ऑगस्टला येरवडा तुरुंगात बैठक. गांधी, दोन्ही नेहरू, वल्लभभाई, सरोजिनी नायडू, सय्यद महमूद, जयरामदास दौलतराम. सगळे कैदी, फक्त दोघे बाहेरचे: सप्रू आणि जयकर. बोलणी फिसकटली, नेहरूंना परत नैनीला नेलं. पण सहा महिन्यांनी गांधी-आयर्विन करार झाला, त्याआधीही हेच दोघे आणि नेमस्त पुढारी श्रीनिवास शास्त्री मध्ये होते.

दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन परत चिठ्ठी घेऊन निघायचं, हे काम करणाऱ्याला मधली खुर्ची कशी मिळणार? तो कायम दोन खुर्च्यांच्या मधल्या सतरंजीवर.

---

नेमस्त_नाही (धागाकर्ता)

प्रतिसादांबद्दल सगळ्यांचे आभार. पेट्रोल, रस्ते, विद्येची कमाई, रिकामी झालेली जागा, हे सगळं एका ठिकाणी वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

तरी माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही. इथे जे जे आलं त्यात जयकर वाट करून देणारे आहेत. कर समितीनं सुचवला, सरकारनं लावला. कोर्ट सुरू करून दिलं, चालवलं दुसऱ्यांनी. आत्मचरित्र लिहायला घेतलं, इंग्रजीत दोन जाडजूड खंड, आणि दुसरा खंड १९२५ लाच संपतो! म्हणजे असेंब्ली, गोलमेज, येरवडा, फेडरल कोर्ट, लंडन, सगळं बाहेर. पूर्ण करण्याआधी गेले. स्वतःच्या आयुष्यातही मुक्काम अर्धवट.

---

सुमेधा_क

धागाकर्ते, तुम्ही सुरुवातीला विद्यापीठाचं एका ओळीत आटोपलंत, म्हणून आठवण करून देते. १९४८ ते १९५६. आठ वर्षं, सलग. कुलगुरू झाले तेव्हा वय पंचाहत्तरीला टेकलेलं. विद्यापीठ म्हणजे तेव्हा फक्त कागदावरचा कायदा. गणेशखिंडीतलं गव्हर्नरचं पावसाळी निवासस्थान आणि भोवतालची चारशे एकरांहून जास्त जागा विद्यापीठाला मिळवून देण्यात त्यांचा आणि मुख्यमंत्री खेरांचा हात. बारा जिल्ह्यांची महाविद्यालयं जोडलेली. १९५० ला ग्रंथालय सुरू झालं. ऐंशी ओलांडून दोन वर्षं होईपर्यंत त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला तुम्ही 'टिकला नाही' म्हणता?

---

तर्कट

हा मात्र मान्य. पण मग ते कुलगुरू म्हणून टिकले. धाग्याचा प्रश्न वकील, आमदार, न्यायाधीश असा होता.

---

अपील_शाखा

तर्कटराव, वकील नसते तर गव्हर्नरच्या बंगल्याचा ताबा मिळाला असता का? :)

---

बाव_नदीकाठचा

जालियनवाला समितीबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून एवढंच. १७०० च्या वर साक्षीदारांचे जबाब पाहिले त्यांनी, आणि त्यातले साडेसहाशेच्या आसपास छापले. बाकीचे का गाळले असतील? पुराव्याला टिकतील तेवढेच ठेवले. गांधी स्वतः त्या बाबतीत कडक होते, आणि समितीतले चौघेही वकील. आमच्या गावातल्या वाटणीच्या दाव्यात एक धड साक्षीदार मिळेना, म्हणून हे लक्षात राहिलं.

---

विधी_तृतीय_वर्ष

नवीन सदस्य आहे, पहिलाच प्रतिसाद. अपील_शाखा सर, ते पेट्रोलचं मत मूळ स्वरूपात कुठे वाचायला मिळेल? आमच्या कॉलेजात फक्त गाईड आहेत.

---

अपील_शाखा

स्वागत. जिल्हा न्यायालयातल्या बार लायब्ररीत जा आणि एआयआरचा (ऑल इंडिया रिपोर्टर, कोर्टाचे निकाल छापणारं नियतकालिक) १९३९ चा फेडरल कोर्टाचा भाग मागा. शोधावं लागणार नाही, पान १ वरच आहे. ग्वायर आधी वाचा, मग जयकर. सुलेमान शेवटी, ते लांब आहेत. धूळ झटकायला रुमाल न्या.

---

वऱ्हाडी_ठेचा

एआयआर पण आमच्या नागपूरचंच हो! कर नागपूरनं लावला, छापून नागपूरनं ठेवला, अन् श्रेय घेऊन गेला मुंबईचा बॅरिस्टर.